रांगेत न थांबलेली ग्लोरिया

१९८२ साली लॉस एंजेलिसच्या पूर्व भागातली राज्य विधानसभेची एक जागा मोकळी होणार होती. तिथला आमदार आर्ट टोरेस वरच्या सभागृहात जायच्या तयारीत होता. त्याच्या जागी कोण, हे त्यानं आणि रिचर्ड अलाटोरे या दुसऱ्या वजनदार नेत्यानं आपसात ठरवूनही टाकलं होतं. उमेदवार होता रिचर्ड पोलान्को. तेवढ्यात ग्लोरिया मोलिना नावाच्या चौतिशीतल्या बाईनं आपणही उभं राहणार असल्याचं सांगितलं. तिनं टोरेसच्या कार्यालयात काम केलेलं होतं. मतदारसंघातल्या गल्ल्या, चर्च, कामगार संघटना यांची तिला खडान्‌खडा माहिती होती. उत्तर मिळालं ते जगातल्या सगळ्या पक्ष कार्यालयांत मिळतं तेच. बाईला पैसा उभा करता येत नाही, बाई निवडून येत नाही, आत्ता थांब, तुझी वेळ येईल.

ती थांबली नाही. घरोघर फिरून तिनं पोलान्कोला पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या प्राथमिक फेरीत हरवलं आणि कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळात गेलेली पहिली लॅटिना, म्हणजे लॅटिन अमेरिकी वंशाची बाई, ठरली. तिच्यासाठी दारं ठोठावणाऱ्या बऱ्याच बाया वर्षानुवर्षं पुरुष नेत्यांच्या प्रचारात राबलेल्या होत्या. पत्रकं टाइप करणं, पाकिटं चिकटवणं, सभेसाठी जेवण रांधणं ही त्यांची कामं. आपल्याकडे सतरंज्या उचलणारे कार्यकर्ते म्हणतात, तशा त्या होत्या. फरक एवढाच, की सतरंज्या उचलणाऱ्याला निदान कधीतरी तिकीट मिळेल असं स्वप्न दाखवतात. या बायांना तेही कोणी दाखवलं नव्हतं.

कॅलिफोर्नियात राहायला आल्यावर इथल्या स्थानिक राजकारणाची मला गोडी लागली ती या बाईमुळे. ग्लोरियाचा जन्म १९४८चा, मॉन्टेबेलोचा. वाढली पिको रिव्हेरात. दहा भावंडांत थोरली. वडील बांधकामावर मजूर, आई मेक्सिकोतल्या चिवावा राज्यातून आलेली. ग्लोरिया एकोणीस वर्षांची असताना वडिलांना अपघात झाला आणि घर तिच्यावर आलं. दिवसा वकिलाच्या ऑफिसात सेक्रेटरी, रात्री कॉलेज. थोरल्या मुलीला घरात काय काय सांभाळावं लागतं हे मराठी घरांना वेगळं सांगायला नको. मला मात्र वाटतं, तिची पुढची कारभाराची रीत तिथेच घडली. कागद नीट वाचायचा, पैसा कुठे गेला ते विचारायचं, आणि गोड बोलण्यात वेळ घालवायचा नाही.

तो काळ चिकानो चळवळीचा होता. मेक्सिकन वंशाची तरुण मुलं व्हिएतनाम युद्धाविरुद्ध, शाळांमधल्या भेदभावाविरुद्ध रस्त्यावर उतरत होती. त्या चळवळीतही भाषणं पुरुषांची आणि स्वयंपाक बायकांचा. म्हणून काही जणींनी स्वतःची संघटना काढली, कोमिसिओन फेमेनिल. १९७३ मध्ये तिची लॉस एंजेलिस शाखा निघाली आणि ग्लोरिया तिची पहिली अध्यक्ष झाली. या संघटनेनं हातात घेतलेलं एक प्रकरण वाचलं तेव्हापासून ते माझ्या डोक्यातून गेलेलं नाही.

लॉस एंजेलिसमध्ये बॉइल हाइट्सच्या टेकाडावर एक अवाढव्य पांढरी इमारत आहे. दहा नंबरच्या हायवेवरून जाताना ती चुकवू म्हटलं तरी चुकत नाही. हे १९३३ साली उघडलेलं काउंटीचं जनरल हॉस्पिटल. काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा. गरिबांची बाळंतपणं इथेच व्हायची. १९६०च्या दशकाच्या अखेरीस आणि सत्तरच्या सुरुवातीला इथे बाळंतपणासाठी आलेल्या अनेक मेक्सिकन बायकांवर सिझेरियनच्या वेळीच नसबंदीची शस्त्रक्रिया केली गेली. कळा सुरू असताना, गुंगीचं औषध टोचलेलं असताना त्यांच्यापुढे फॉर्म धरला जायचा. फॉर्म इंग्रजीत, बाई फक्त स्पॅनिश बोलणारी. काहींना वाटलं, आपण सिझेरियनसाठी सही करतोय. काहींना सांगितलं गेलं की नळ्या 'बांधल्या' आहेत, मग त्यांना वाटलं पुढे सोडताही येतील. काहींना तर आपल्यावर अशी शस्त्रक्रिया झाली आहे हे नंतर बऱ्याच काळानं, दुसऱ्याच कशासाठी तपासायला गेल्यावर कळलं.

हे बाहेर आलं ते तिथल्याच बर्नार्ड रोझेनफेल्ड या तरुण डॉक्टरमुळे. त्यानं नोंदी गोळा करून बाहेर पाठवल्या. अँटोनिया हर्नांडेझ ही नुकतीच वकील झालेली मुलगी त्या नोंदी घेऊन एकेक घर शोधत फिरली. १९७५ साली दहा बायकांच्या वतीनं खटला उभा राहिला, मॅड्रिगल विरुद्ध क्विलिगन. कोमिसिओन फेमेनिल त्यात उतरली. यापुढे कोणत्या बाईवर हे होऊ नये, अशी मागणी करायला एक संस्था हवी होती, आणि त्या संस्थेची अध्यक्ष ग्लोरिया होती. १९७८ मध्ये निकाल लागला. बायका हरल्या. डॉक्टर आणि रुग्ण यांचं एकमेकांशी नीट बोलणं झालं नाही, असा अर्थ न्यायाधीशांनी त्यातून काढला. पण खटला सुरू असतानाच नियम हलले होते. स्त्रीच्या भाषेतला फॉर्म, तोही तिला समजेल अशा शब्दांत; सही आणि शस्त्रक्रिया यांच्यात बहात्तर तासांचं अंतर; एकवीस वर्षांखालच्या मुलींवर बंदी.

सालं पाहा. १९७५, ७६. आपल्याकडे आणीबाणी. १९७६ मध्ये महाराष्ट्राच्या विधिमंडळानं तीन मुलांनंतर सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूर केलं होतं. राष्ट्रपतींची मान्यता मिळाली नाही म्हणून त्याचा कायदा झाला नाही, एवढंच. माझे वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होते. त्यांनाही 'केसेस' आणायचं उद्दिष्ट होतं. केस आणली नाही तर पगार अडायचा. एकदा ते शेजारच्या वाडीतल्या एका शेतमजुराला शिबिरात घेऊन गेले. संध्याकाळी परत आले ते ओसरीवरच बसून राहिले, चपलाही काढल्या नाहीत. आई दोनदा जेवायला बोलवून गेली. शेवटी ते एवढंच म्हणाले, "त्यानं अंगठा उठवला. कागदावर काय लिहिलंय ते त्याला कोणी वाचून दाखवलं नाही, मीसुद्धा नाही." मी लहान होते, मला अर्थ लागला नाही. लागला तो लॉस एंजेलिसचा हा खटला वाचताना. गरिबाच्या अंगावर कोणाचा अधिकार, हा प्रश्न त्या वर्षांत पृथ्वीच्या दोन्ही टोकांना एकाच पद्धतीनं सोडवला जात होता, एका कागदानं.

ग्लोरियासारख्या बाईनं निवडणूक का लढवावी, याचं इतकं स्पष्ट उत्तर मला दुसरीकडे सापडत नाही. ते हॉस्पिटल काउंटीचं होतं. काउंटी चालवायचे लोकांनी निवडलेले पाच सुपरवायझर. पाचही गोरे पुरुष. मोर्चे काढा, खटले भरा, शेवटी फॉर्म कोणत्या भाषेत छापायचा हे त्या पाच खुर्च्यांवर ठरणार.

त्या खुर्चीपर्यंत जायला तिला आधी शहराच्या महापालिकेतून जावं लागलं. तिचं सगळं राजकारण नकाशावरच्या रेषांशी बांधलेलं आहे, आणि मराठी वाचकाला हे चटकन उमजेल. प्रभाग रचना जाहीर झाली की आपल्याकडे इच्छुकांची कशी झोप उडते, कोणाची वस्ती कोणत्या प्रभागात ढकलली, कोणाचा बालेकिल्ला मधोमध कापला, हरकती-सूचनांसाठी कशा रांगा लागतात, हे आपण पाहिलेलं आहे. लॉस एंजेलिसमध्ये १९८० सालच्या जनगणनेनुसार सुमारे सत्तावीस टक्के लोक लॅटिनो होते. पंधरा नगरसेवकांत लॅटिनो किती? १९४९ मध्ये एडवर्ड रॉयबल निवडून आला होता. तो १९६२ मध्ये संसदेवर गेला आणि त्यानंतर १९८५ संपत येईपर्यंत एकही नाही. वस्त्या अशा कापल्या होत्या की कुठल्याच प्रभागात त्यांची मतं पुरेशी पडू नयेत. अखेर १९८५ मध्ये अमेरिकेच्या न्याय खात्यानं मतदान हक्क कायद्याखाली शहरावर खटला भरला.

नवा नकाशा करताना जे व्हायचं तेच झालं. आपली जागा कोणी सोडेना. मग १९८६च्या ऑगस्टमध्ये हॉवर्ड फिन या नगरसेवकाचं अचानक निधन झालं. त्याचा एक नंबरचा प्रभाग पार उत्तरेला सॅन फर्नांडो व्हॅलीत होता. तोच उचलून डाउनटाऊनच्या उत्तर आणि पश्चिमेच्या लॅटिनो वस्त्यांवर आणून ठेवला गेला. म्हणजे कायद्यानं दार ढकललं, पण उघडलं ते एका माणसाच्या मरणानं. १९८७च्या फेब्रुवारीत या नव्या प्रभागाची निवडणूक झाली. पुन्हा तीच मंडळी, पुन्हा त्यांचा उमेदवार, या वेळी शाळा मंडळाचा सदस्य लॅरी गोन्झालेझ. पुन्हा ग्लोरियानं त्यांना हरवलं आणि लॉस एंजेलिसची पहिली लॅटिना नगरसेविका झाली.

मधल्या आमदारकीच्या काळातली एक गोष्ट सांगायलाच हवी. राज्य सरकारला बॉइल हाइट्सच्या अगदी जवळ तुरुंग बांधायचा होता. त्या भागात आधीच तुरुंग कमी नव्हते, हायवेंनी वस्त्या चिरलेल्या होत्या. ग्लोरियानं विधानसभेत विरोध सुरू केला आणि तिथल्या चर्चमधून आया बाहेर पडल्या, डोक्याला पांढरे रुमाल बांधून पुलावरून दर आठवड्याला मोर्चे काढू लागल्या. 'मदर्स ऑफ ईस्ट एलए' हे त्यांचं नाव. १९९२ मध्ये तुरुंगाचा बेत सोडून द्यावा लागला. ग्लोरिया तोवर विधानसभा सोडून गेली होती, पण ती वाट तिनं पाडलेली होती.

काउंटीच्या खुर्चीची कथा तर आणखी उघडीवाघडी आहे. १९९० मध्ये गार्झा खटल्यात न्यायाधीश डेव्हिड केनियन यांनी निकाल दिला की सुपरवायझरांनी स्वतःच्या जागा राखण्यासाठी लॅटिनो वस्ती जाणूनबुजून तोडली. केवळ परिणाम तसा झाला असं नाही, हेतूच तसा होता. नवा मतदारसंघ आखला गेला. १९९१च्या फेब्रुवारीत त्याच्या अंतिम फेरीत समोरासमोर उभे राहिले ग्लोरिया मोलिना आणि आर्ट टोरेस, तिला कधीकाळी थांब म्हणणारा तिचा जुना साहेब. ती जिंकली. १८७५ नंतर त्या मंडळावर आलेली ती पहिली हिस्पॅनिक व्यक्ती, आणि निवडून आलेली पहिली स्त्री. एकशे सोळा वर्षं! त्या मंडळाला लोक 'पाच छोटे राजे' म्हणायचे. एकेका राजाच्या हाताखाली सतरा-अठरा लाख माणसं, हॉस्पिटलं, तुरुंग, शेरीफ, अनाथ मुलांची देखभाल. ईस्ट लॉस एंजेलिस या भागाला तर स्वतःची नगरपालिकाच नाही, त्यामुळे तिथला रस्त्यावरचा दिवा लागला नाही तरी जायचं सुपरवायझरकडेच.

तेवीस वर्षं ती तिथे होती. दर मंगळवारी बैठक. अधिकारी तिला वचकून असत, कारण ती कंत्राटाचा कागद वाचून यायची. खर्चाच्या बाबतीत ती फार कडक. वरिष्ठांच्या पेन्शन, गाड्या, सवलती यांवर बोट ठेवायची आणि चार विरुद्ध एक अशा मतदानात एकटी पडली तरी पडायची. गरिबांचा प्रतिनिधी म्हणजे हात सैल सोडणारा, असा एक समज सगळीकडे असतो. मला तिची कंजुषी फार महत्त्वाची वाटते. सरकारी पैसा उधळला गेला की पहिला गरिबाचा दवाखाना आखडतो, हे दहा भावंडांच्या घरात वाढलेल्या मुलीला पाठ असणारच.

तिच्यावर टीकाही खूप झाली. हट्टी, फटकळ, तडजोड न करणारी, हाताखालच्या लोकांना टिकू न देणारी. यातलं काही खरंही असेल. पण हीच विशेषणं पुरुष पुढाऱ्याला लावताना आपण 'कणखर' हा एकच शब्द वापरतो, आणि त्यावर त्याची बॅनरं लागतात.

आणि मग ते हॉस्पिटल. १९९४च्या जानेवारीत नॉर्थरिजचा भूकंप झाला आणि पांढऱ्या इमारतीला तडे गेले. नवं हॉस्पिटल बांधायचं ठरलं. किती खाटांचं, यावर वाद पेटला. मंडळातल्या बहुमताला सहाशे पुरेशा वाटत होत्या. ग्लोरिया साडेसातशेवर अडून बसली. तिचं म्हणणं साधं होतं, पूर्वेकडच्या माणसाला दुसरा दवाखाना नाही. १९९७ मध्ये मंडळातल्या मतदानात ती हरली, २००८ मध्ये सहाशे खाटांची इमारत उघडली. मी या दीडशे खाटांचा विचार अनेकदा करते. ज्या हॉस्पिटलविरुद्ध ती तरुणपणी कोर्टात उभी होती, त्याच हॉस्पिटलच्या खाटा वाढाव्यात म्हणून ती वीस वर्षांनी भांडत होती. यात मला काही विसंगत दिसत नाही. गरिबांच्या दवाखान्यानं अन्याय केला म्हणून तो बंद पाडायचा नसतो, ताब्यात घ्यायचा असतो.

नसबंदी झालेल्या त्या बायकांची काउंटीनं अधिकृत माफी मागितली ती २०१८ मध्ये. तोवर ग्लोरिया मंडळावर नव्हती, मुदतीच्या नियमामुळे २०१४ मध्ये ती पायउतार झाली होती. २०२२ मध्ये हॉस्पिटलच्या आवारात त्यांच्या स्मरणार्थ एक शिल्प बसवलं गेलं. खटला हरल्यापासून माफीपर्यंत चाळीस वर्षं. त्यातल्या किती जणी ती ऐकायला उरल्या असतील, हा विचार मनात आला की माफी या गोष्टीचा राग येतो.

तिचं राजकारण विजयानं संपलं नाही. २०१५ मध्ये तिनं पुन्हा शहराच्या नगरसेवकपदासाठी, चौदाव्या प्रभागातून, होजे हुइझारविरुद्ध निवडणूक लढवली आणि चांगलीच हरली. लोकांना वाटलं, बाईंचे दिवस सरले. पुढे त्याच हुइझारवर केंद्र सरकारनं भ्रष्टाचाराचा खटला चालवला. बिल्डरांकडून पैसा घेतल्याच्या प्रकरणात त्यानं २०२३ मध्ये गुन्हा कबूल केला आणि त्याला तेरा वर्षांची शिक्षा झाली. कंत्राटाचा कागद वाचणारी बाई मतदारांना त्या वर्षी नको होती.

राजकारणाबाहेर ती गोधड्या शिवायची. ईस्ट एलएमधल्या बायकांचा शिवणाचा गटच तिनं उभा केला. २०२३च्या मार्चमध्ये आपल्याला कॅन्सर असून तो बरा होणार नाही, हे तिनं स्वतः जाहीर केलं आणि १४ मे रोजी ती गेली. डाउनटाऊनमध्ये सिटी हॉलपासून वर चढत जाणाऱ्या ग्रँड पार्कला तिचं नाव दिलं गेलं आहे. भडक राणी रंगाच्या खुर्च्या आहेत तिथे, कुठेही ओढून नेता येतात. दुपारी ऑफिसातले कारकून डबे खात बसतात, पोरं कारंज्यात भिजतात, आणि उताराच्या एका अंगाला काउंटीची कचेरी उभी असते, जिथे मंगळवारच्या बैठका होतात.

इथे थांबले तर लेख फार गोड होईल. तिच्या मृत्यूच्या आधीच्या ऑक्टोबरात लॉस एंजेलिसमध्ये एक ध्वनिफीत फुटली. बोलणाऱ्यांत होती नुरी मार्टिनेझ, नगर परिषदेची अध्यक्ष झालेली पहिली लॅटिना. सोबत गिल सेडियो आणि केविन दे लिऑन हे दोन लॅटिनो नगरसेवक आणि एक कामगार नेता. विषय काय? प्रभागांच्या रेषा. कोणाचा प्रभाग कसा कापायचा, कोणाला कुठे ढकलायचं. त्या ओघात मार्टिनेझ एका सहकाऱ्याच्या काळ्या लेकराबद्दल आणि मेक्सिकोतल्या वहाका राज्यातून आलेल्या आदिवासींबद्दल जे बोलली ते इथे लिहवत नाही. तिला राजीनामा द्यावा लागला. सेडियो ज्या प्रभागाचा नगरसेवक होता तो एक नंबरचा, ग्लोरियाचा. दे लिऑनचा चौदावा, जिथे ती हरली तो.

मला हे वाचून खूप वाईट वाटलं. ज्या रेषांनी आपल्याला बाहेर ठेवलं होतं, त्याच रेषा हातात आल्यावर दुसऱ्यांना बाहेर ठेवायला वापरायच्या! महाराष्ट्रात २०११ पासून स्थानिक संस्थांत निम्म्या जागा बायकांच्या आहेत आणि त्याचा मला मनापासून आनंद आहे. पण नगरसेविकेच्या पाटीखाली नवऱ्याचा फोन नंबर असलेली कार्यालयंही मी पाहिली आहेत. पहिली बाई, पहिली लॅटिना, ही पदवी निवडणुकीच्या रात्रीपुरती खरी. त्यानंतर तिनं पैशाच्या, खाटांच्या, नकाशाच्या कागदावर काय केलं एवढंच शिल्लक राहतं.

सेडियोला मात्र मतदारांनी ती फीत बाहेर येण्याआधीच, २०२२च्या जूनमध्ये, घरी बसवलं होतं. त्याला हरवणारी युनिसेस हर्नांडेझ हायलंड पार्कची, त्याच प्रभागात वाढलेली मुलगी. काउंटीच्या मंडळावर तर २०२० पासून पाचही जागी बायका आल्या. राजांच्या दरबारात एकही राजा उरला नाही. आणि २०२४च्या नोव्हेंबरात मतदारांनी ठरवलं की पाच जागा कमी पडतात, आता नऊ करायच्या. २०३०च्या जनगणनेनंतर एक कोटी लोकवस्तीच्या या काउंटीत नऊ मतदारसंघ नव्यानं आखले जातील. हरकती-सूचनांची सुनावणी तेव्हाही होईल, आणि ती सगळ्यांसाठी खुली असेल. मी जाणार आहे.